विचारलंत ते बरं केलंत

पावसाळा तोंडावर आलाय आणि या खेपेची बहुतेक पत्रंही त्याच्याच धास्तीने लिहिलेली दिसतात. सारख्या अर्थाची पत्रं एकत्र करून एकेक प्रश्न घेतला आहे. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलं, म्हणून सरसकट गावच दिलं आहे.

प्रश्न: पेपरात मथळा असतो ‘पावसाने इंचांचं शतक ओलांडलं’, आणि शेजारीच हवामान खात्याचा ‘ऑरेंज अलर्ट’, तो मात्र मिलिमीटरमध्ये. मेळ कसा घालायचा? शिवाय ऑरेंज असूनही कधीकधी आमच्याकडे ऊन पडलेलं असतं. मग हा रंग नेमका कशाचा? — निवृत्त शिक्षक, डिचोली

उत्तर: आधी हिशेब. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. तोंडी करायचं तर मिलिमीटरला चाराने गुणा आणि शंभराने भागा, कामापुरता आकडा मिळतो. गोव्यातली माणसं आणि पेपर इंचातच बोलतात, त्यात बिघडत काही नाही. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर म्हटल्यावर डोळ्यांपुढे काही येत नाही. एकशे अठरा इंच म्हटलं की येतं.

चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पडला तर खातं त्याला मुसळधार म्हणतं, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार, आणि त्याच्या वर अत्यंत मुसळधार. इंचात अडीच ते साडेचार, साडेचार ते आठ आणि आठाच्या पुढे. हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असे धरतात. त्यामुळे रविवारी दुपारी कोसळलेला पाऊस सोमवारच्या नोंदीत जातो आणि छापील पेपरात मंगळवारी दिसतो. ‘काल तर एवढा पडलाच नाही’ या तक्रारीची निम्मी पत्रं इथेच निकालात निघतात.

रंगाचं म्हणाल तर तो पावसाचा नाही, तुमच्या तयारीचा आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातपाय हलवा. पाऊस पडण्याची शक्यता किती आणि पडला तर त्रास किती, या दोन्हींवरून तो ठरतो. आणि तो जिल्ह्याला लागतो. उत्तर गोव्याला नारिंगी लागला की पेडण्याच्या किनाऱ्यापासून सत्तरीच्या घाटापर्यंत सगळ्यांना एकच रंग. घाटाच्या पायथ्याशी वाळपई, सांगे इथे किनाऱ्यापेक्षा जास्त पडतो हे आपल्याला ठाऊक आहेच. तेव्हा वाळपईला झोडपत असताना कळंगुटला ऊन असणं यात अंदाज चुकला असं होत नाही.

खरं बघायचं ते किती पडला यापेक्षा किती वेळात पडला. चार इंच दिवसभर पडले तर कुणी बोलत नाही. तेच दोन तासांत, आणि तेही भरतीच्या वेळी पडले, की पणजीचा १८ जून रस्ता पाण्याखाली. मांडवी नदी चढलेली असताना सांतइनेज नाल्याला पाणी उतरवायला वावच राहत नाही. पणजीत काम असेल तर अलर्टच्या रंगाबरोबर भरतीची वेळ बघा, आणि निघण्याआधी खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा बघा. सकाळच्या रंगापेक्षा तो जास्त कामाचा.

तुम्ही शिक्षक आहात म्हणून थोडं वाढवून लिहितो. पाऊस घरी मोजता येतो. सरळ बाजूंचा डबा घ्या, बिस्किटांचा गोल पत्र्याचा चालेल. बादली नको, तोंड रुंद आणि तळ अरुंद असल्याने ती पाऊस फुगवून दाखवते. जमिनीवरचे शिंतोडे आत जाऊ नयेत म्हणून डबा चिऱ्यावर ठेवा, पागोळ्यांपासून लांब. आजूबाजूचं झाड किंवा भिंत डब्यापेक्षा जितकी उंच, त्याच्या दुप्पट अंतर सोडायचं असा नियम आहे. माडांच्या कुळागरात तो पाळणं कठीण, निदान झावळ्यांखाली तरी नको. साडेआठला पट्टी बुडवून वाचा, मात्र पट्टीचा शून्य कडेपासून थोडा आत असतो, तेवढं वाचलेल्या आकड्यात मिळवा.

आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छपरावर चार इंच पडले की दहा हजार लिटर झालं. कौलांनी शोषलेलं, पन्हळीबाहेर उडालेलं वजा करा, तरी आठ हजार उरतं. ते विहिरीत सोडणार असाल तर मोसमाच्या पहिल्या सरी वाहून जाऊ द्या. छपरावर आठ महिन्यांची पाखरांची घाण असते.

प्रश्न: सासूबाई जून-जुलैत बाजारातली मासळी घरात आणू देत नाहीत. बोटी बंद असताना ही मासळी आली कुठून, औषध मारलेलीच असणार, असं त्यांचं म्हणणं. २०१८ सालच्या फॉर्मेलिनच्या (मासळी टिकवायला मारतात त्या औषधाच्या) बातम्यांपासून तर त्या ऐकतच नाहीत. खात्री कशी करायची? — गृहिणी, फोंडा

उत्तर: सासूबाईंची शंका रास्त आहे, निष्कर्ष मात्र घाईचा. बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची, आणि ती यंत्राच्या बोटींना. बिनयंत्राच्या होड्या, खाडीतली जाळी, खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशी म्हणजे पाण्याची दारं, हे सगळं चालूच असतं. शेवटे, काळुंद्रां, चणक, कुर्ल्या त्यातूनच येतात. दुसरं म्हणजे पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिलला लागून १४ जूनला उठते. जूनच्या उत्तरार्धात आंध्र, ओडिशा, तमिळनाडूकडची मासळी बर्फात घालून इकडे येते ती त्यामुळे. म्हणजे जुलैत मडगावला इसवण (सुरमई) दिसला तर तो औषधाचाच असं नाही. तो प्रवास करून आलेला आहे, एवढं धरून भाव करावा आणि नजर जरा कडक ठेवावी.

जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातल्या तपासणीवरून गदारोळ झाला आणि सरकारने काही काळ परराज्यातली मासळीच रोखली. तेव्हापासून घरोघर एक परीक्षा रुजली आहे: माशी बसत नसेल तर औषध. ती सोडून द्या. गार बर्फाच्या मासळीवरही माशी कमी बसते. फॉर्मेलिन डोळ्यांनी वा नाकाने खात्रीने ओळखता येत नाही. त्यासाठी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कागदी पट्टीचा संच काढला आहे. पट्टी मासळीवर घासायची, थेंब टाकायचा, दोन-तीन मिनिटांत रंग बदलतो का बघायचं. त्यातही मेख आहे. बोंबलासारख्या काही मासळीत फॉर्मल्डिहाइड मुळातच तयार होतं, ती मेली की आणखी वाढतं. तेव्हा बोंबलावर पट्टी रंगली म्हणून विक्रेतीशी भांडू नका.

आमच्या मते औषधापेक्षा मोठी काळजी उन्हात पडून राहिलेल्या बांगड्याची करावी, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बांगडे, तारले, टूना या जातीच्या मासळीत बर्फ नसेल तर काही तासांत हिस्टामिन साठतं. ते तळून जात नाही, उकळून जात नाही. जेवल्यावर अर्ध्या-एक तासात तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, आणि घरचे म्हणतात ‘मासळीची ॲलर्जी आहे’. बांगडा जिभेला मिरीसारखा चुरचुरला तर पुढचा घास घेऊ नका.

बघायचं कसं? बांगडा डोक्याकडून आडवा धरा. अगदी ताजा असेल तर ताठ राहतो, शेपूट लोंबत नाही. पाठीवरचे निळे-हिरवे पट्टे ओले चमकतात. शिळ्यावर ते करडे दिसतात. डोळा बाहेर आलेला आणि स्वच्छ हवा, खोल गेलेला आणि दुधाळ नको. कल्ला उचला. लालभडक किंवा गडद लाल बरा, तपकिरी आणि चिकट नको. शेवटी पोटावर बोट दाबा. खळगा भरून आला तर ठीक, तसाच राहिला तर पुढच्या टोपलीकडे चला. तारल्यांचं पोट लवकर फुटतं, त्यामुळे वाट्यात दोन-चार फुटलेले चालतात, निम्मे नाही. सुंगटांचं (कोळंबीचं) डोकं धडाला घट्ट हवं. डोक्यावर आलेला काळा डाग हवेने येतो, तो विषाचा नाही, पण ताजेपणाचाही नाही. तिसऱ्या (शिंपल्या) मिटलेल्या घ्याव्यात. उघडी असेल ती टिचकी मारल्यावर मिटायला हवी. शिजल्यावर जी उघडलीच नाही ती टाकून द्या.

वाट्याने घेत असाल तर वाटा उलटा करून बघा, लहान मासे खाली घालायची पद्धत जुनी आहे. इसवण किलोने घेताना वजन कापण्याआधी करायचं की नंतर हे भाव ठरवतानाच बोला, कारण डोकं, आतडी गेल्यावर वजन बरंच उतरतं. काट्यावर टोपलं ठेवण्याआधी शून्य आहे का, आणि टोपल्याचं वजन वजा केलंय का, एवढं बघितलं तरी पुष्कळ. इलेक्ट्रॉनिक काट्याची वजनमाप खात्याकडून दर वर्षी तपासणी होऊन शिक्का लागायला हवा.

मडगावहून फोंड्यापर्यंत आणायची तर किलोला निदान अर्धा किलो बर्फ मागून घ्या आणि पिशवी अशी ठेवा की वितळलेलं पाणी निथळून जाईल. बर्फात मासळी टिकते, बर्फाच्या पाण्यात भिजून ती फिकी आणि लिबलिबीत होते.

प्रश्न: पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) खरेदीला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलो. सुक्या मिरच्यांचे १,८५० रुपये मोबाईलवरून दिले, खात्यातून गेले, पण बाईंना आले नाहीत. रेंज नव्हती. शेवटी रोख द्यावे लागले. आता ते पैसे कुणाकडे मागायचे? — शिवोली

उत्तर: रोख दिलेत ते बरोबर केलंत. मिरचीवालीचा त्यात दोष नाही. आता ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवून तीन गोष्टी बघा: स्थिती काय लिहिली आहे, बारा आकडी संदर्भ क्रमांक, आणि पैसे व्यक्तीच्या नावाने गेलेत की दुकानाच्या. बाजारातल्या बऱ्याच विक्रेत्यांचा क्यूआर त्यांच्या साध्या बचत खात्याचा असतो, म्हणून शेवटचं महत्त्वाचं.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, पैसे कापले गेले आणि समोर पोचले नाहीत तर व्यक्तीला पाठवलेले दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानाला पाठवलेले पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. ती न मागता मिळायला हवी, पण पासबुक बघून मागून घ्यायची तयारी ठेवा. मुदत टळली की ॲपमधूनच तक्रार नोंदवा, मग बँकेत संदर्भ क्रमांकासह लेखी द्या. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही.

हे सगळं ‘अयशस्वी’ किंवा ‘प्रलंबित’ लिहिलं असेल तर. ‘यशस्वी’ लिहिलेलं असेल तर पैसे कुणाच्या तरी खात्यात पोचलेले आहेत. बाईंच्या फोनवर रेंज नसल्याने संदेश उशिरा आला असेल, नाहीतर शेजारच्या टपरीचा क्यूआर स्कॅन झाला असेल. पाठवताना जे नाव दिसलं होतं ते मिरचीवालीचंच होतं का, आठवा.

एक करू नका. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळेल त्या नंबरवर फोन करू नका. पैसे परत देतो म्हणून पिन मागणारा चोरच असतो. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. असं काही घडलंच तर त्याच तासात १९३० ला फोन लावा. आणि रेंज नसलेल्या बाजारात जाताना खिशात दोन हजार रुपये सुट्या नोटांत असलेले बरे.

प्रश्न: मुलगा-सून डोंबिवलीला. दर वर्षी चवथीला (गणेश चतुर्थीला) यायचं म्हणतात आणि तिकीट मिळत नाही. यंदा नेमकं कधी बसायचं? पावसाळ्यात कोकण रेल्वेची वेळही बदलते, त्याचाही घोळ होतो. — मडगाव

उत्तर: यंदा, २०२६ ला, चवथ १४ सप्टेंबरला, सोमवारी. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. शनिवार १२ सप्टेंबरची गाडी हवी असेल तर १४ जुलैला सकाळी आठ वाजता बसायचं. लोक चुकतात ते पुढच्या पायरीवर. हे ६० दिवस गाडी मूळ स्थानकावरून सुटते त्या तारखेपासून मोजतात. मुंबईहून सुटणाऱ्या मांडवीला, कोकणकन्येला फरक पडत नाही. पण उत्तरेकडून येणारी, आदल्या दिवशी सुटलेली गाडी कल्याण किंवा पनवेलला पकडायची असेल तर तिचं आरक्षण एक दिवस आधी, म्हणजे १३ जुलैलाच उघडलेलं असतं. मुलाला रेल्वेच्या ऑनलाइन तिकीट खात्याला आधार जोडणी आत्ताच करून ठेवायला सांगा. आरक्षण उघडतं तेव्हा सुरुवातीच्या वेळेत आधार पडताळलेल्या खात्यालाच संधी असते, आणि तत्काळ तर जुलै २०२५ पासून त्याशिवाय ऑनलाइन मिळतच नाही. तत्काळ वातानुकूलितसाठी दहा वाजता, स्लीपरसाठी अकराला.

वेटिंग आलं तर आकड्याआधीचं लेबल बघा. ‘जीएन’वालं मूळ स्थानकाच्या मोठ्या कोट्यातलं, ते पुढे सरकतं. ‘आरएल’ आणि ‘पीक्यू’ मधल्या स्थानकांच्या लहान कोट्यातली. तिथे वेटिंग बारा आणि ‘जीएन’ चाळीस यांत आम्ही चाळीस घेऊ. चार्ट लागेपर्यंत सगळंच वेटिंग राहिलं तर ई-तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. ते घेऊन डब्यात चढायचं नाही.

वेळापत्रकाचं असं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ ला ते १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. या दिवसांत दरडींच्या भीतीने गाड्या हळू चालवतात, जोराच्या पावसात तर ताशी ४० किलोमीटरपर्यंत उतरतात. ही वाढीव वेळ आधीच धरायची म्हणून मडगावहून मुंबईकडे जाणाऱ्या काही गाड्या नेहमीपेक्षा लवकर सुटतात. परतीच्या प्रवासात गाडी चुकते ती इथे. दोन महिने आधी मनात बसलेली वेळ धरून स्टेशनवर जाऊ नका, आदल्या रात्री तपासा. वंदे भारतही गेल्या पावसाळ्यांत आठवड्याला सहाऐवजी तीनच दिवस धावली आहे.

प्रश्न: गेल्या पावसात रात्री पाण्यातून स्कूटर घातली, मध्येच बंद पडली. स्टार्टर मारून मारून चालू केली. गॅरेजवाल्याने नंतर इंजिन खोलावं लागेल म्हणून सांगितलं. चुकलं काय, आणि यंदा तसं झालं तर? — ताळगाव

उत्तर: चुकलं ते ‘मारून मारून’. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एअर फिल्टरमधून पाणी आत गेलेलं असताना स्टार्टर दिला की पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा असला तरी, बुडालेली गाडी चालू करायच्या नादात झालेलं इंजिनाचं नुकसान कंपन्या बहुधा नाकारतात.

पुन्हा तसं झालं तर चावी बंद, गाडी ढकलत कोरड्या जागी, मेन स्टँडवर. सायलेन्सर पाण्यात गेला होता का ते आठवा. गेला असेल तर पुढचं चाक उंच करून नळी निथळू द्या. एअर फिल्टरचं झाकण काढा. कागदी फिल्टर भिजलेला असेल तर तो वाळवून परत बसवू नका, नवाच लागतो. फिल्टर कोरडा असेल तर बहुतेक वेळा पाणी आत गेलेलं नसतं, फक्त प्लगची टोपी भिजून ठिणगी गेलेली असते. टोपी काढून आतबाहेर पुसली की गाडी सुरू होते. फिल्टर ओला असेल तर मात्र प्लग काढा, चावी बंदच ठेवून किक दहा-बारा वेळा मारा. प्लगच्या भोकातून पाण्याचा फवारा निघतो, तोंड लांब ठेवा. किक नसलेलं मॉडेल असेल तर हे काम गॅरेजवर सोडा.

त्यानंतर तेल. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे, इंजिन एक मिनिटही चालवू नका. ११० सीसीच्या बहुतेक स्कूटरना पाऊण लिटरच्या आसपास तेल लागतं, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. डब्यावर ‘एमबी’ लिहिलेलं घ्या, ते स्कूटरसाठी. ‘एमए’ मोटरसायकलसाठी, जिथे क्लच तेलात बुडलेला असतो. मागच्या चाकाजवळचं गिअर तेल वेगळं, शंभर-सव्वाशे मिलिलिटर, आणि ते बघायला गॅरेजवाले हटकून विसरतात. सांगून बदलून घ्या.

इंजिन गरजतंय पण गाडी सरकत नाही, असं असेल तर डाव्या बाजूच्या कव्हरमध्ये पाणी जाऊन पट्टा घसरतोय. रेस देत राहिलात तर पट्टा जळतो. कव्हर उघडून पुसायला लागतं. आणि निघाल्यावर पहिले शंभर-दोनशे मीटर हळू जाऊन दोन्ही ब्रेक हलके दाबत राहा. ड्रम आतून ओला असतो, पहिल्या उतारावर तो धरणार नाही.

पाण्यातून जाण्याआधीचा निकष साधा आहे: पाणी चाकाच्या मध्यावर, म्हणजे एक्सलवर आलं की परत फिरा. समोरून बस येत असेल तर तिची लाट जाऊ द्या. पाणी फिल्टरपर्यंत बहुतेकदा त्या लाटेनेच चढतं.

प्रश्न: वीस रुपये छापलेली पाण्याची बाटली किनाऱ्यावरच्या एका शॅकवर (झोपडीवजा हॉटेलात) साठ रुपयांना लावली. वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज. हे चालतं का? — वास्को

उत्तर: पहिलं चालतं, दुसरं तुम्ही नाही म्हटलंत तर नाही. टेबलावर बसवून वाढणाऱ्या हॉटेलला छापील किमतीपेक्षा जास्त लावता येते, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तसं ठरवलं आहे. दुकानदाराला मात्र नाही. ‘गार करायचे दोन रुपये’ हे बेकायदाच. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, जुलै २०२२ ची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं तसं सांगतात आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. बिलातून काढायला सांगा. ऐकलं नाही तर बिलाचा फोटो घेऊन १९१५ वर तक्रार करा. बिल नसेल तर तक्रार पुढे सरकत नाही.

प्रश्न: पुण्याहून भाचे येणार. ओळखीचे एक गृहस्थ स्वतःची स्कूटर कमी भाड्याने देतो म्हणतात. घ्यावी का? — पर्वरी

उत्तर: नको. भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदा, आणि अपघात झाला तर गाडी भाड्याने दिली होती या कारणाने विमा कंपनी हात वर करते. म्हणजे चारशे रुपये वाचवायला जाऊन भाच्यांच्या वडिलांवर लाखांचा दावा यायचा.

रीतसर गाडी घेताना आधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, ओरखडे, आरसे, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा त्यात दिसू द्या. हेल्मेट दोन मागा, आयएसआय खुणेची, आणि पट्टा लागतो का तिथेच बघा. पर्वरीहून पणजीला निघालात तर अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. पोरं नकाशाच्या भरवशावर तिथेच चढतात आणि पोलीस पुढे उभे असतात. जुन्या पुलावरूनच जायला सांगा. एकट्यालाच कुठे जायचं असेल तर पायलट (मोटरसायकल टॅक्सी) घ्या, पिवळ्या पाटीचा, आणि बसण्याआधी भाडं ठरवून.